उचलीचा कागद आणि कामाचा कागद

दसरा-दिवाळीच्या सुमाराला गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या परभणी जिल्ह्यातल्या तालुक्यांमधल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जाते, कुणी पुणे-सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. पण या कामाचा सौदा त्याच्या कितीतरी आधी, ऐन पावसाळ्यात, हातात पैसा नसताना झालेला असतो. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि उचल देताना कागद करून घेतो. ऊसतोड मजुरांकडे लेखी काही नसते, असे आपण सर्रास म्हणतो. ते पुरते खरे नाही. पुष्कळ ठिकाणी लेखी असते. मुद्रांकावर मजकूर असतो, खाली सही नाहीतर अंगठा असतो, साक्षीदार असतात, कधी सोबत सही केलेला कोरा धनादेशही असतो. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा आला. तो खर्चही बहुधा मजुराच्याच नावावर चढतो. तेव्हा पाहायचे ते त्या कागदावर काय लिहिले आहे, आणि तो कुणाच्या पेटीत राहतो.

तो कागद वाचला तर एकच आकडा ठळक दिसतो, उचलीचा. अमुक इसमाने अमुक तारखेला अमुक रक्कम घेतली, हंगामात टोळीबरोबर येऊन ती फेडीन, न आल्यास परत करीन. काही कागदांवर तर ऊसतोड हा शब्दही नसतो. ‘घरगुती अडचणीसाठी हातउसने घेतले’ एवढ्यावर भागवलेले असते. टनाला दर काय, वजन कुठे होणार, त्याची पावती कुणाला मिळणार, खाडा पडला तर किती कापणार, फडात साप चावला किंवा ट्रॉली उलटली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, कारखाना लवकर बंद झाला तर उरलेल्या बाकीचे काय, यातले काही त्यावर नसते. बाई तर कागदावर नसतेच. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची, यातले निम्म्याहून कमी काम तिचे नसते. पण सही एकट्या नवऱ्याची. प्रतही एकच, ती मुकादमाकडे. पुढचे पाच-सहा महिने हिशेब चालतो तो मुकादमाच्या वहीत. उचल, किराणा, बाजार, दवाखाना, खाडे. ती वही ज्याच्या घामाची, त्यालाच ती हंगाम संपेपर्यंत क्वचित दिसते.

म्हणून ऊसतोडीतले तंटे सुटत नाहीत याचे मूळ मला या कागदातच दिसते. तो कर्ज नोंदवतो, काम नोंदवत नाही. तंटा उभा राहिला की पुढे ठेवायला एकच पुरावा असतो आणि तो वसुलीचा असतो. मजुरीचा, वजनाचा, कापून घेतलेल्या खाड्यांचा पुरावा कुणी निर्माणच केलेला नसतो. त्यामुळे कामाविषयीचे भांडण ऐकणाऱ्याच्या कानावर जाते ते उधारीचे भांडण म्हणून. कामाचा कागद झाल्याशिवाय हे तंटे न्यायाने सुटणार नाहीत. पोलीस वाढवून नाही आणि कल्याणकारी योजना वाढवूनही नाही.

एक साधा हिशेब मांडून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या पुढाकाराने राज्य साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यात समझोता झाला. तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि करार तीन वर्षांचा झाला. त्यानंतर दर टनामागे साडेतीनशेच्या पुढे गेला. सोयीसाठी ३६० रुपये धरू. एका जोडप्याने एक लाख रुपये उचल घेतली आहे आणि ते रोज दोन टन ऊस तोडते, असे समजा. दिवसाचे झाले ७२० रुपये. लाख फिटायला सुमारे १३९ दिवस लागतात, तेही एकही खाडा न पडता आणि आठवड्याच्या बाजाराला एक रुपयाही न घेता. ऊस कमी पडलेल्या वर्षी अनेक कारखान्यांची धुराडी शंभर दिवसांच्या आसपास थंडावतात. शंभर दिवसांत त्या जोडप्याचे ७२,००० फिटले; २८,००० डोक्यावर राहिले. या बाकीत मजुराचा दोष काय? पाऊस कमी झाला, लागवड घटली, गाळप आटोपले. पण कागदावर लिहिले आहे की रक्कम फेडीन. हंगाम किती दिवस चालेल ही जोखीम त्या कागदाने एक शब्दही न लिहिता मजुराच्या खांद्यावर टाकली आणि बाकी पुढच्या हंगामाला बांधली. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, टोळी गावी परतते ती मोकळी होऊन नव्हे.

खाड्याचेही तसेच. वरच्या हिशेबात एका माणसाची दिवसाची कमाई ३६० रुपये होते. अंगात ताप आहे म्हणून किंवा पाळीच्या दिवसांत उभे राहवत नाही म्हणून एक दिवस फडात न गेल्यास ही कमाई तर बुडतेच, वर खाडा म्हणून कुठे पाचशे, कुठे त्याहून जास्त रक्कम नावावर चढते. गैरहजेरीपोटी जी कपात करायची ती गैरहजर काळाच्या मजुरीच्या प्रमाणातच असली पाहिजे, हे तत्त्व या देशात १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून चालत आले आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे. सगळ्या कपाती मिळून मजुरीच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत, असेही ती संहिता सांगते. एरवी ज्याला आपण दंड म्हटले असते त्याला फडात खाडा म्हणतात आणि तो कुणी तपासत नाही, कारण तो लिहिलेला असतो फक्त वहीत.

मग तंटा जातो कुठे? मजूर आला नाही किंवा अर्ध्यातून निघून गेला, तर मुकादम किंवा वाहनमालक पोलीस ठाण्यात जातो, फसवणुकीची तक्रार देतो. कोरा धनादेश असेल तर तो रक्कम भरून बँकेत टाकला जातो आणि न वटल्याचा खटला उभा राहतो. यातले काहीच करायचे नसेल तर माणसे जीप घेऊन गावात येतात आणि ज्याची बाकी आहे त्याला, कधी त्याच्या घरातल्या दुसऱ्याच कुणाला, उचलून नेतात. उलट बाजूने, मजुराची मजुरी बुडाली, वजनात मारले, खाडे जास्त लावले, तर तो जाणार कुठे? कारखाना शेकडो किलोमीटरवर. तिथला कामगार अधिकारी त्याला ओळखत नाही, इथला म्हणतो काम माझ्या हद्दीत झाले नाही. दाखवायला कागद नाही. अशा वेळी गप्प बसून पुढच्या हंगामाची उचल घेणे हा त्याच्यापुरता सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरतो, आणि त्याला आपण बाहेरून मजुरांची सवय म्हणतो.

कायदा या मजुराला वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त देतो, हे इथे सांगितले पाहिजे. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याच्या तेलंगणातल्या भागात कर्जाच्या बदल्यात राबणाऱ्या गड्याला भगेला म्हणत. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठबिगारीच्या ज्या प्रथा नावानिशी मोजल्या, त्यांत भगेला आहे. त्या कायद्याची व्याख्या मात्र नावांवर थांबत नाही. आगाऊ रक्कम घेतल्यामुळे ज्याला दुसरीकडे काम करण्याचे, हवे तिथे जाण्याचे किंवा किमान वेतन मागण्याचे स्वातंत्र्य राहिले नाही, तो वेठबिगार. आणि असे कर्ज फेडण्याची जबाबदारी कायद्याने संपते, मग ते मुद्रांकावर लिहिलेले का असेना. कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भारही कर्ज देणाऱ्यावर आहे. १९८२ मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम म्हणजे सक्तीचे काम, असे ठरवले. पुढच्या वर्षी बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालात सक्तीचे श्रम दिसले की त्यामागे आगाऊ रक्कम आहे असे गृहीत धरावे, उलटे सिद्ध करण्याचे काम मालकाचे, असे सांगितले. इतके सगळे असूनही वेठबिगार कायद्याखालच्या दक्षता समितीपुढे प्रकरण येते तेव्हा समोर कागद असतो हातउसन्याचा. कामाचा पुरावा नसला की हा भक्कम कायदाही आधाराविना उभा राहतो.

याच्या शेजारी ऊस उत्पादक शेतकऱ्याचा कागद ठेवून पाहा. तोच ऊस, तोच फड, तीच गाडी. गाडी काट्यावर गेली की वजनाची पावती निघते, शेतकऱ्याच्या नावावर टनेज पडते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत त्याला पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. शेतकऱ्याला हे सहजासहजी मिळाले नाही, त्यासाठी आंदोलने झाली, आणि अजूनही ते नीट मिळतेच असे नाही. पण भांडायला त्याच्या हातात पावती आहे. त्याच पावतीवरच्या टनेजातून तोडणी करणाऱ्याची मजुरी ठरते, आणि तोडणीवाल्याच्या हातात मात्र तिची नक्कल नाही. त्याच्यासाठी १४ दिवसही नाहीत आणि व्याजही नाही. ३४ टक्के वाढीच्या समझोत्यावर नेत्यांच्या सह्या झाल्या. ती वाढ पालमच्या एखाद्या तांड्यावरच्या जोडप्यापर्यंत पूर्ण पोहोचली की नाही, हे सांगणारा एकही कागद त्या जोडप्याच्या घरात नाही.

यावर पहिला आक्षेप वाहनमालकांचा आहे आणि तो पोकळ नाही. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला पश्चिम महाराष्ट्रातला तरुण शेतकरी मुकादमाला लाखो रुपये देतो, मुकादम फोन बंद करून बसतो, टोळी येतच नाही, आणि बँकेचे हप्ते मात्र चालू राहतात. काही मजूर दोन-दोन मुकादमांकडून उचल घेतात हेही खरे. ही माणसे उद्ध्वस्त होतात आणि त्यांच्या मागे कुणी उभे राहत नाही. त्यांच्या संघटना कडक कायदा मागतात, त्यामागे ही होरपळ आहे. पण कडक कायदा हा उपाय या देशात एकदा करून झाला आहे. इंग्रज सरकारने १८५९ साली उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला आणि मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून तुरुंगात पाठवणारा कायदा केला होता. चहामळ्यांपर्यंत तो वापरला गेला आणि अखेर १९२५ च्या कायद्याने तो मोडीत काढावा लागला. शिवाय वाहनमालकाला फसवणारा कोण, हे आजच्या पद्धतीत शोधताच येत नाही. त्याने मुकादमाला किती दिले, मुकादमाने मजुरांना त्यातले किती पोचवले, याची साखळी कुठेच नोंदलेली नसते. वीस कोयत्यांसाठी पैसे उचलून बारांनाच वाटणारा मुकादम आणि खरोखर पळालेला मजूर यांत फरक करायचा असेल, तर प्रत्येक कोयत्याची रक्कम बँकेतून त्याच्या खात्यावर गेली पाहिजे आणि नाव एका नोंदवहीत आले पाहिजे. नाव एकदा नोंदले की दुसऱ्या मुकादमाला ते दिसेल. कामाचा कागद मजुराला जितका तारतो तितकाच प्रामाणिक वाहनमालकालाही.

दुसरा आक्षेप कारखान्यांचा: हे आमचे कामगारच नाहीत, आमचा करार वाहतूकदाराशी. पण तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखानाच शेतकऱ्याच्या बिलातून कापतो, कोणत्या फडात कोणत्या दिवशी टोळी जाईल हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो, वजन कारखान्याच्या काट्यावर होते, आणि दराची बोलणी कारखान्यांचाच संघ करतो. एवढे सगळे हाती ठेवून मालकपण तेवढे नाकारायचे, हे न्यायाला धरून नाही. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ज्या आस्थापनेत काम झाले तिच्या मालकावर ती देण्याची जबाबदारी येते, असे वेतन संहिता म्हणते. आणि मालक कोण हे ठरत नाही म्हणून अडून बसायचे कारण महाराष्ट्राला तरी नाही. बाजारातला हमाल सकाळी एका आडत्याची पोती उचलतो, दुपारी दुसऱ्याची. त्याचा मालक कोण? १९६९ च्या माथाडी कायद्याने हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला. कामगार, मालक आणि शासन यांचे मंडळ केले, दोघांचीही नोंदणी केली, मजुरी मंडळाकडे भरायला लावली. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने मिळवलेले हे साधन राज्याच्या हाताशी पन्नासहून अधिक वर्षे आहे. ऊसतोडीसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले, कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढाच शासनाचा वाटा ठरला, ग्रामसेवकांकरवी ओळखपत्रे देण्याचे ठरले. हे चांगलेच आहे. पण ओळखपत्र सांगते की हा माणूस ऊस तोडतो. कुणाकडे, किती दराने, किती उचलीवर, हे सांगत नाही. त्याच नोंदीत एवढे चार रकाने वाढवले तर ओळखपत्राचा करार होतो.

तिसरी शंका खुद्द मजुरांची आहे आणि मला तीच सर्वांत जड वाटते. इतके कागद मागितले तर मुकादम उचलच देणार नाही, मग पोरीचे लग्न, दवाखाना, पेरणी कशावर करायची? या भीतीला उपदेशाने उत्तर देता येणार नाही. उचलीची गरज मुकादमाने निर्माण केलेली नाही. बँक दारात उभी करत नाही आणि कोरडवाहू रान पोट भरत नाही म्हणून ती आहे. पण एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. गरज दोन्ही बाजूंना आहे. यंत्राने तोडणी वाढत असली तरी राज्यातला गाळप हंगाम आजही कोयत्यावर उभा आहे, आणि टोळी मिळत नाही ही ओरड दरवर्षी वाढते आहे. एकट्या मजुराने कागद मागितला तर त्याला वगळले जाईल. तालुक्यातल्या सगळ्यांसाठी एकच छापील नमुना सक्तीचा झाला तर कुणाला वगळणार? म्हणूनच हे काम मजुराच्या हिमतीवर सोडता येत नाही, ते प्रशासनाने करायचे आहे. अक्षरओळखीची अडचण सांगितली जाते, तिला मी फारसे महत्त्व देत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला ग्रामपंचायतीत चारचौघांत वाचून दाखवता येते.

परभणी जिल्ह्याने यात पहिले पाऊल टाकावे याला खास कारण आहे. इथून मजूर जातात, तसे गोदाकाठच्या पट्ट्यात इथेच साखर कारखानेही उभे आहेत. सोनपेठचा मजूर सांगलीत ऊस तोडतो आणि जिल्ह्यातल्या फडात दुसरीकडची टोळी उतरते. कराराची दोन्ही टोके एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत सापडतात. नऊ तालुक्यांत एक नमुना ठरवता येईल: नवरा आणि बायको या दोघांची नावे आणि सह्या, मुकादम, वाहतूकदार व कारखाना यांची नावे, टनाचा दर, उचल आणि ती खात्यावर गेल्याची नोंद, खाड्याची मर्यादा, कारखाना लवकर बंद पडल्यास बाकीचे काय होणार याचे एक स्पष्ट वाक्य, आणि रोजच्या वजनाचा संदेश मजुराच्या मोबाइलवर. तंटा झाला तर त्याची सुनावणी मजुराच्या तालुक्यात व्हावी. त्याने सांगलीला खेटे घालायचे आणि मुकादमाने घरी बसायचे, हे आता पुरे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यांत नियुक्तिपत्राची तरतूद आहे, मजुरीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि दावा झाल्यावर मजुरी दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. वेठीचा बळी ठरलेल्या माणसाला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे हे कामच आहे. मजुराच्या पिशवीत कराराची प्रत असेल तर या तरतुदी कामाला येतील.

तीन वर्षांचा समझोता होता, तो संपला की दराची बोलणी पुन्हा होतील आणि टक्क्यांवर रात्री जागवल्या जातील. संघटनांच्या नेत्यांना विनंती आहे की या खेपेला टक्क्यांच्या आधी कागदाचा विषय घ्यावा. आणि जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे की उचलीचे वाटप चालू असते त्याच काळात, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, गंगाखेड, पालम, सोनपेठ आणि जिंतूरच्या प्रत्येक गावी हा विषय ठेवावा, नमुना वाचून दाखवावा आणि कराराच्या जितक्या प्रती होतील त्यातली एक त्या घरातल्या बाईच्या हातात द्यावी.